साळूताईचा प्रश्न जपानला जातो

एका जंगलात सगळी कामं मुंग्या करत आणि ती कशी करायची हे बाकीचे सांगत. बाळांनो, तुमच्याही घरी असंच चालत असेल, पण आपण गोष्टीकडे वळू.

मुंग्यांना आपलं बोलणं ऐकू येत नाही. त्यांना जमिनीवर टकटक करून सांगावं लागतं. दोनदा टक केलं की उचला. तीनदा केलं की ठेवा. एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, असं केलं की पुढचीच्या मागे चला. अशी टकटकीची एक अख्खी भाषा होती. तिचं नाव टिपरी. जपानातल्या एका म्हाताऱ्या सारसाने ती शोधून काढली होती. थंडीत पाय गारठू नयेत म्हणून तो उभ्या जागी नाचत असे, त्यातून सुचली म्हणे.

आपल्या जंगलात टिपरी येणारी एकच होती, साळूताई. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे. गेले पंधरा पावसाळे ती टिपरी वाजवून मुंग्यांकडून कोठार भरून घेत होती. मुंग्यांवर तिचा फार जीव होता, पण हे ती कुणाला सांगत नसे. काटेवाल्यांनी असं काही सांगितलं की लोक हसतात.

तर या मुंग्यांना एक विचित्र खोड लागली. सकाळी शिस्तीत रांग धरायच्या. दुपारची जेवणं झाली की कोठाराशेजारच्या फणसाभोवती गोल गोल फिरू लागायच्या. पहिली शेवटचीच्या मागे, शेवटची पहिलीच्या मागे. दमून पडेपर्यंत फिरायच्या. साळूताई पडलेल्या मुंग्यांना पानावर घालून सावलीत न्यायची आणि मग टिपरीतलं आपलं प्रत्येक टक पुन्हा तपासायची. चूक सापडत नव्हती. तिला रडू यायचं.

जंगलाचे प्रमुख होते अस्वलराव. त्यांचे सल्लागार पोपटपंत.

"साहेब, टिपरी जुनी झाली," पोपटपंत म्हणाले. "आजूबाजूची सगळी जंगलं 'सुसाट'वर गेली. सुसाटमध्ये टकटक करावीच लागत नाही. नुसतं मनात आणायचं."

"आणि मुंग्या करतात?"

"करतील, साहेब. पुढच्या आवृत्तीत."

अस्वलरावांनी साळूताईला बोलावलं. "ताई, जपानला टिपरीचं संमेलन भरतंय. जाऊन या. तो सारस तिथे असतो, त्यालाच विचारा. पौर्णिमेपर्यंत उत्तर आणलंत तर ठीक. नाहीतर आपण सुसाट घेऊ, आणि तुमची सोय वटवाघळांच्या गुहेत करू. तिथे झाडलोटीला कुणीतरी हवंच आहे."

पंधरा पावसाळ्यांनंतर झाडलोट. साळूताईने प्रश्न एका पानावर लिहिला, पान गुंडाळून काट्यात खोचलं आणि निघाली.

समुद्र ओलांडायला राजहंस होता. त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आधी पाठीवर घोंगडी घालून घेतली. मग दुसरी घातली.

टिपरीचं संमेलन जपानच्या राजधानीत भरत नसे. सारसाला आडगावं आवडत, म्हणून दरवर्षी नवं आडगाव. यंदा उमेदानी नावाचं डोंगरातलं गाव होतं. गावाची ख्याती दोन गोष्टींची, गरम पाण्याचं कुंड आणि मुळ्याचं लोणचं. संमेलनाची सगळी व्यवस्था तिथल्या लाल तोंडाच्या माकडांकडे होती. एकही माकड उड्या मारत नव्हतं. साळूताईला हे बघूनच धडकी भरली.

माकडांनी तिच्या गळ्यात नावाचं पान अडकवलं आणि हातात एक पत्रक दिलं. पत्रकावर पंधरा रिकामी वर्तुळं.

"हे कशाला?"

"प्रत्येक मांडवात जायचं. तिथे पंजाचा ठसा देतात. पंधरा ठसे झाले की पिशवी मिळते."

"मी पिशवीसाठी आले नाही," साळूताई ताठ मानेने म्हणाली.

"कुणीच येत नाही, साळूसान," माकड नम्रपणे म्हणालं. तिकडे नावापुढे सान लावतात, आपण राव लावतो तसं.

तिथे ओळख करून घ्यायचीही एक रीत होती. आपल्या नावाचं पान दोन्ही हातांनी पुढे करायचं आणि कमरेत वाकायचं. आता साळिंदर कमरेत वाकलं की पाठीचे काटे कुठे जातात हे तुम्हीच ताडा. पहिल्याच तासात पट्टेरी तोंडाच्या दोन बिज्जूंना आणि एका कोल्ह्याला टोचलं. आपलं नाक मध्ये आलं म्हणून तिघांनीही तिची माफी मागितली. साळूताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिलं भाषण एका जाड चष्म्याच्या बिज्जूचं होतं. विषय होता मुंगीच्या डाव्या मिशीला टक उजवीपेक्षा किती आधी कळतं. बिज्जूने त्यात सात वर्षं घातली होती. फरक निघाला होता डोळ्याचं पातं लवायच्या शंभराव्या भागाइतका. सभा भारावून गेली. साळूताईनेही टिपून घेतलं. काय टिपलं हे तिला पुढे कधीच वाचता आलं नाही.

"काही प्रश्न?" बिज्जूने विचारलं.

साळूताईने हात वर केला. साऱ्या सभेने वळून पाहिलं. बिज्जूचा चेहरा पडला. एक माकड धावत आलं आणि तिच्या कानाशी लागलं. "साळूसान, 'काही प्रश्न' असं आम्ही विचारतो, पण कुणी विचारत नाही. चारचौघांत विचारलं आणि उत्तर आलं नाही तर वक्त्याला किती वाईट वाटेल? प्रश्न नंतर, दाराबाहेरच्या रांगेत."

साळूताई मुकाट्याने दाराबाहेरच्या रांगेत उभी राहिली. रांग दोन भाषणं चालली. पुढे पोचल्यावर कळलं की ही ठशाची रांग. आता एवढं उभं राहिल्यावर ठसा न घेता कसं जायचं? घेतला.

आणि बाळांनो, एकदा एक ठसा उमटला की उरलेली चौदा वर्तुळं फार रिकामी दिसायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साळूताई मांडवामांडवातून धापा टाकत पळत होती. मुळ्याचं लोणचं खाऊन तिचा घसा सुकला होता आणि काट्यातल्या प्रश्नाची तिला दुपारी चौदावा ठसा उमटेपर्यंत आठवण झाली नाही. आठवण झाली तेव्हा ती जिथे होती तिथेच बसली. तिला स्वतःची लाज वाटली. तिकडे मुंग्या फणसाभोवती फिरत असणार, आणि आपण पिशवीच्या मागे.

"सारससान कुठे भेटतात हो?" तिने एका माकडाला विचारलं.

"जेवणानंतर कुंडात. सगळे प्रमुख तिथेच बसतात. पंधरावा ठसाही तिथेच आहे," माकड म्हणालं.

कुंडात जायच्या आधी अंग स्वच्छ धुवायचं हा तिथला नियम. साळूताईने प्रत्येक काटा वेगळा धुतला. मग ती पाण्यापाशी आली. पाण्यात निरनिराळ्या जंगलांचे प्रमुख गळ्यापर्यंत बुडून बसले होते. डोक्यावर ओल्या पानाच्या घड्या, चेहरे लाल, डोळे टक्क उघडे. एका रानडुक्करराजाची मान जरा कलली, नाकात पाणी गेलं आणि तो खोकत सरळ झाला.

साळूताईने पाण्यात पाऊल टाकलं. काट्यांकडे पाहून एकेका प्रमुखाला एकेक महत्त्वाचं काम आठवलं. कुंड रिकामं झालं. उरला एक म्हातारा सारस. तो एका पायावर उभा होता आणि दुसरा पाय खाली ठेवायला त्याला वेळ लागत असे.

साळूताईने सगळं सांगितलं. पंधरा पावसाळे, फणस, गोल फिरणाऱ्या मुंग्या, पोपटपंत, वटवाघळांची गुहा. सारस मान हलवत ऐकत राहिला. मग त्याने विचारलं.

"मुंग्या दुपारीच फिरतात?"

"जेवणं झाल्यावर."

"त्या फणसाखाली तेव्हा कोण असतं?"

"आमचे साहेब. तिथे पाठ टेकतात जरा."

"घोरतात?"

साळूताईच्या डोळ्यांपुढे अस्वलराव उभे राहिले, म्हणजे आडवे झाले. त्यांचं घोरणं सगळ्या जंगलाला पाठ होतं. एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. जमीन हादरायची. पुढचीच्या मागे चला.

"अगं बाई," ती म्हणाली.

"मला दरवर्षी कुणीतरी हाच प्रश्न विचारतं," सारस म्हणाला. "टिपरीत चूक नाही. भाषेत ही गोष्ट दुरुस्त करता येत नाही, मी तीस वर्षं बघतोय. उत्तर घेऊन लोक आनंदाने घरी जातात आणि आपल्या प्रमुखांना सांगतात. पुढच्या संमेलनाला मग ते दिसत नाहीत."

"मग मी काय करू?"

सारसाने खूप विचार केला. "लोणचं घेऊन जा," तो म्हणाला. "प्रवासात टिकतं."

साळूताई पाण्याबाहेर आली. दारातल्या माकडाने पंधरावा ठसा दिला, पिशवी दिली. तिने वळून पाहिलं. सगळे प्रमुख हळूहळू पाण्यात परतत होते. घड्या डोक्यावर, डोळे टक्क उघडे. साळूताई तिथे बराच वेळ उभी राहिली.

पौर्णिमेच्या दिवशी ती अस्वलरावांपुढे हजर झाली. पोपटपंत सुसाटचा करार पंखाखाली घेऊन तयारच होते.

"काय म्हणाला तुमचा सारस?"

साळूताईने आधी पत्रक पुढे केलं. अस्वलरावांनी पंधराही ठसे दोनदा मोजले. एवढे ठसे त्यांच्या जंगलात आजवर कुणी आणले नव्हते.

"साहेब, टिपरीत चूक नाही असं ते म्हणाले. फक्त तिकडे एक रिवाज आहे," ती म्हणाली. "दुपारची जेवणं झाली की प्रमुख पाण्यात बसतात. गळ्यापर्यंत. डोक्यावर ओल्या पानाची घडी. तिकडच्या मुंग्या गोल फिरत नाहीत."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. हवं तर पुन्हा वाचा.

"मुंग्यांचा आणि आंघोळीचा काय संबंध?" पोपटपंत ओरडले.

अस्वलरावांनी त्यांच्याकडे थंडपणे पाहिलं. "पंत, तुम्ही जपानला गेला होतात?"

पोपटपंतांनी करार पंखाखाली आणखी आत सरकवला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर अस्वलराव ओढ्याच्या डोहात जाऊन बसले. डोळा लागायला लागला की नाकात पाणी जायचं. फणसाखाली शांतता होती. मुंग्या सरळ रांगेत कोठाराकडे गेल्या. साळूताई रांगेच्या कडेला बसून पाहत राहिली आणि या खेपेला तिने डोळे पुसले, ते लपवलं नाही.

पुढच्या वर्षी संमेलनाचं बोलावणं आलं. साळूताईने नवं पान गळ्यात अडकवून ठेवलं होतं. पण तिचा प्रश्न सुटलेला असल्याने तिला पाठवायचं कारण उरलं नव्हतं. अस्वलराव स्वतः गेले. त्यांच्या भाषणाचा विषय होता 'मुंग्यांच्या प्रगतीत माझ्या आंघोळीचा वाटा'.

महिन्याभराने राजहंसाकडून साळूताईला सारसाचं एक पान आलं. थरथरत्या पायाने लिहिलेलं.

'साळूसान, दुपारच्या सत्रात तुमचे प्रमुख पहिल्या रांगेत झोपले. व्यासपीठावर मुंग्यांचं प्रात्यक्षिक चालू होतं. मुंग्या तत्काळ गोल फिरू लागल्या. सभेने उभं राहून दाद दिली. पुढच्या वर्षी यावर चार भाषणं आहेत. तुमचा प्रश्न मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटला. स्वभावाने चांगला आहे. लोणचं पाठवत आहे.'

तात्पर्य: बाळांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त त्याआधी साहेबांना पाण्यात बसवून घ्यावं, म्हणजे बोलायची वेळ येत नाही.