शेवाळबाईचा कचरा

एका जंगलात एक तळं होतं. तळ्यात शेवाळबाई होती, तिची हिरवी कच्चीबच्ची होती, शेजारी कटलाकाकू मासळी होती, आणि सगळ्यांच्या डोक्यावर सरपंच खेकडोजी होते.

शेवाळबाईची चूल उन्हावर चाले, बरं का. ऊन पडलं की ती पाणी फोडायची. आपण नारळ फोडून खोबरं ठेवतो, करवंटी टाकतो ना? तसंच. पाण्यातला लागेल तो वाटा ती पोरांच्या गोडधोडाला ठेवी. उरलेला प्राणवायू दाराबाहेर. बुड्‌बुड्‌बुड्.

कटलाकाकू कावली. "अगं ए, तुझा कचरा माझ्या दारात! पोरांना नुसत्या गुदगुल्या होतात."

त्यात स्वच्छ तळ्याची स्पर्धा आली. खेकडोजी तिरके तिरके पाहणीला आले.

"बाई, कचरा बंद!"

"अहो दादा, ऊन पडलं की चूल आपली आपण पेटते. मी काय करू?"

"मग ऊनच बंद!"

लगेच कमळाची पानं ओढून तिच्या घरावर छप्पर घातलं. चूल विझली. पोरं पिवळी पडली. "आई, भूक!" शेवाळबाईचा जीव तुटला, पण ऐकतो कोण?

तळं मात्र लख्ख झालं. एक बुडबुडा दिसेना. बक्षीस मिळालं. खेकडोजी भाषणाला उभे राहिले, तर काय, सगळे मासे तोंडं वासून वर आलेले! त्यांना वाटलं, जयजयकारच चाललाय. ते आणखी रंगले.

कटलाकाकू तेवढी कशीबशी म्हणाली, "सरपंच... हवा..."

"हवा आपलीच आहे, काकू!" असं म्हणता म्हणता खेकडोजीच उताणे पडले.

काठावरचा बेडूकआजोबा नाकाने श्वास घेणारा, म्हणून शुद्धीवर होता. "अरे, तिचं छप्पर काढा!" तो ओरडला आणि स्वतःच पानं ओढू लागला.

ऊन आत शिरलं. शेवाळबाईने आधी पोरांचं पाहिलं. पाणी फोडलं, चूल पेटली, आणि सवयीने कचरा बाहेर टाकला. बुड्‌बुड्. कटलाकाकूचे कल्ले हलले. खेकडोजी सुलटे झाले आणि उठल्या उठल्या हुकूम सोडला, "बाईंनी रोज कचरा टाकावा. कसूर झाल्यास दंड!"

शेवाळबाई हसली. तळ्यातली सगळ्यात उन्हाची जागा तिला कायमची मिळाली. पोरं पुन्हा हिरवीगार झाली. आता कटलाकाकूच रोज सकाळी दारात येऊन विचारते, "शेवाळताई, आज कचरा जरा जास्त टाकाल का हो?"

तात्पर्य : स्वच्छतेचं बक्षीस जरूर घ्यावं, फक्त भाषण संपेपर्यंत पुरेल एवढा कचरा शिल्लक ठेवावा.