सुरमईला किती कपडे?

दिपिकाच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी सरूनं चाळीस दिवस रोह्याला लेकीकडे राहायचं ठरवलं. सगळी तयारी झाली होती. अडचण एकच उरली होती, ती म्हणजे मी.

"तुम्ही खाल काय?" सरूनं विचारलं.

"माझं मी करीन," मी बोलून गेलो. (निवृत्त माणसाला बोलण्यापूर्वी विचार करायला वेळ भरपूर असतो, सवय नसते.) "रविवारी हसन आणि आसियाभाभींना जेवायला बोलाव. सुरमई मी तळतो. त्यांनी पास केलं, तर तू निर्धास्त जा."

हसन कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर होता. आता रोह्यात असतो आणि कुणाच्या तोंडावर वाईट बोलत नाही. परीक्षक मी विचार करूनच निवडला होता.

रविवारी सरूनं स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली. "मी बोट लावणार नाय," तिनं जाहीर केलं. मी तुकड्यांना मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावलं. इथवर जग सोपं होतं.

"आता तांदळाचं पीठ नि रवा. दाबून लावा. झालं."

एवढंच? मला संशय आला. एकाच्या शेऱ्यावर फाईल पुढे सरकवायची मला सवय नाही. आमच्या रामवाडीतला रितेश गडब गावाजवळच्या हॉटेलात कूक आहे. त्याला फोन केला.

"काका, आधी मैदा, मग अंडं, मग पावाचा चुरा. एक हात कोरडा, एक ओला. हात बदलला की मेलात!"

खात्रीसाठी एसटीत बसलेल्या आसियाभाभींनाही फोनवर विचारलं. (पाहुण्यांनाच कृती विचारणारा यजमान मी पहिलाच असेन.)

"भाऊ, चुरा आधी, अंडं सगळ्यात शेवटी. आमच्यात कटलेटला तसंच लावतात. काय जाळी सुटते!"

"पण भाभी, ही सुरमई आहे."

"मग अंडं कशाला लावताय?"

"रितेश म्हणतो म्हणून."

"रितेश कोण?"

तीन अभिप्राय परस्परविरोधी असतील, तर तिन्ही पाळावेत. ठपका कुणा एकावर येत नाही. चौतीस वर्षांची नोकरी मी याच तत्त्वावर काढली. तेव्हा रवा, मैदा, अंडं, चुरा आणि वर पुन्हा अंडं.

चौथ्या तुकडीला हसनचा फोन आला. "एसटीतून उतरलो रे, पाच मिनटात पोचतो!" फोन कोरड्या हातानं घेतला की ओल्या, ते आठवेना. आठवेना म्हणून दोन्ही हात धुतले, मग दोन्ही अंड्यात गेले, मग दोन्ही चुऱ्यात. अखेर सर्वांत व्यवस्थित आवरण बसलं ते माझ्या बोटांवर. फोन माझा अंगठा ओळखेना.

"बोटं सोडा तेलात," सरू म्हणाली. "छान दिसतायत."

दारात चपला वाजल्या. मी गॅस मोठा केला. तुकड्या बघता बघता खरपूस, गुबगुबीत झाल्या. मला भरून आलं.

हसननं तुकडी दाबली. पोराच्या अंगातून स्वेटर निघावा तसं अख्खं आवरण निघून आलं. आत सुरमई नुकतीच समुद्रातून आल्यासारखी.

"मासा... ताजा हाय," हसन म्हणाला.

"वरचं कवच मस्त, भाऊ," आसियाभाभी म्हणाल्या. "आतलं खायचं असतं काय?"

सरू उठली. सगळे कोट उतरवले, रवा लावला, तव्यावर टाकलं. दहा मिनिटांत आम्ही बोटं चाटत होतो. (मी माझी सोडून.)

"पास करून टाकू या, वहिनी," हसन म्हणाला. "पोरीला तुमची गरज हाय."

"पासाचं काय घेऊन बसलात, भावोजी? शेजारच्या आळीतल्या पुतळीचा डबा मी गुरुवारीच लावलाय."

मी विचारलं, "मग आज मला कशाला तळू दिलंस?"

"पुतळीनं विचारलं, 'घरात एकटं कोण रव्हणार गो? आजारी माणूस हाय काय?' समजावत कोण बसणार, मी 'व्हय' म्हटलं. तेव्हापासून खोटं बोलल्याचं मनाला खात होतं. म्हटलं, आज कळेल ते कितपत खोटं हाय." तिनं माझ्या बोटांकडं पाहिलं.

"आता नाय खात."