जोसेफीन हलत असल्याबाबत

कुर्व्हॅलों गावच्या पालिकेकडून एलुआ जिगाँदेला आलेलं पहिलं पत्र अत्यंत सौजन्यपूर्ण होतं. आपल्या अंगणात तीस दिवसांहून अधिक काळ उघड्यावर भंगार पडून असल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी ते दहा दिवसांत योग्य त्या डब्यात टाकावं, असं त्यात म्हटलं होतं. योग्य डबे कोणते, याची चार पानी पुस्तिका सोबत जोडली होती.

हे भंगार म्हणजे जोसेफीन.

एलुआनं घड्याळाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढली होती. अडतीस वर्षं तो मसुराच्या दाण्याएवढं एकच दातेरी चाक बनवत आला होता. ते चाक कुठल्या घड्याळात जातं, गेल्यावर फिरतं की नुसतंच बसून राहतं, हे त्याला कुणी कधी दाखवलं नाही. निवृत्त झाला त्या दिवशी त्यानं ठरवलं, की मरण्याआधी काहीतरी फिरताना बघायचं.

मग तो गावभर हिंडून लोकांनी टाकलेलं गोळा करू लागला. दुधाचे कॅन, बाबागाडी, फाटका अकॉर्डियन, धुण्याच्या मशीनची मोटर. दोन वर्षं खपून त्यानं दोन माणसं उंच जोसेफीन उभी केली. बटण दाबलं की बाबागाडीचं चाक फिरे, त्यामुळे एक बूट दुधाच्या कॅनला लाथ मारी, अकॉर्डियन सुस्कारा सोडी, छत्री फटकन उघडे आणि शेवटी एक मोठी पळी गायीच्या घंटेवर अशी काही बसे, की सबंध जोसेफीन हसून हसून मुरकुंडी वळल्यासारखी थरथरे. मग थांबे. या सगळ्यातून निष्पन्न काहीही होत नसे. दर रविवारी अख्खा गाव ते बघायला येई आणि टाळ्या वाजवी.

पत्र घेऊन एलुआ पालिकेत गेला. तिथं गेली बावीस वर्षं मादाम शोफा बसत होत्या. त्यांचा स्वभाव मायाळू होता आणि नियमांवर त्यांची माया जास्त होती.

"मादाम, हे भंगार नाहीये हो. शिल्प आहे."

"मग तसं सांगायचं ना, मस्यू जिगाँदे! शिल्पाला कसलीच अडचण नाही. एवढा अर्ज भरा."

अर्जात सातवा रकाना होता : 'शिल्प स्थिर आहे काय?' एलुआ खरं बोलणारा माणूस. त्यानं 'नाही' लिहिलं. त्यामुळे पुढच्या आठवड्यात पालिकेचे सुरक्षा निरीक्षक टेप घेऊन अंगणात आले.

"हलतं म्हणजे यंत्र झालं," त्यांनी निर्णय दिला आणि दुसरा अर्ज काढला. "यंत्राचा उपयोग?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"मी बघतो. बरं वाटतं."

"बरं वाटण्याला रकाना नाही. उपयोग नसलेलं यंत्र म्हणजे बिघडलेलं यंत्र. आणि बिघडलेलं यंत्र अंगणात ठेवलं, तर ते काय होतं?"

"भंगार," एलुआ म्हणाला.

"बघा! तुम्हाला नियम छान कळतात," निरीक्षक खूश झाले.

एलुआची थोरली बहीण लेओनी नवरा गेल्यापासून त्याच्याकडेच राहत होती. तिनं खिडकीतून हे सगळं ऐकलं आणि तिथूनच ओरडली, "अरे मठ्ठा, लिही की काहीतरी! कावळे हाकलते म्हण."

"अगं, कावळे तर घंटा ऐकायला येतात."

"मग? साहेब कावळ्यांना विचारायला जाणार आहेत का?"

साहेब गेले नाहीत. जोसेफीनची नोंद 'शेतीपयोगी उपकरण : काक-निवारक' अशी झाली. एलुआनं त्या आनंदात निरीक्षकांना घरची मनुक्याची दारू पाजली.

पण यंत्र म्हटलं की सुरक्षा आली. निरीक्षक पुन्हा आले. जमिनीपासून चाळीस सेंटिमीटरवर फिरणाऱ्या बुटाबद्दल चिंता व्यक्त करणारं पत्र आलं होतं. कुणाचं, ते गोपनीय. एलुआनं बुटाभोवती जाळी बसवली. बूट जाळीला अडकू लागला, म्हणून बूट काढला. मग छत्रीबद्दल पत्र आलं. एलुआनं छत्री बांधून टाकली. मग घंटेबद्दल. त्यानं पळीला लोकर गुंडाळली. अकॉर्डियनच्या सुस्काऱ्यामुळे कुणाला तरी उदास वाटत होतं. सुस्कारा बंद झाला. प्रत्येक वेळी एलुआ म्हणे, "एवढंच ना?" आणि खरोखर दर वेळी तेवढंच असे. अखेर एकटं बाबागाडीचं चाक उरलं, आणि विनाकारण फिरणाऱ्या चाकाकडे बघून मोटारवाल्यांचं लक्ष विचलित होतं, असं पत्र आलं.

मोटरची वायर त्यानं स्वतःच्या हातानं सोडवली. त्या दिवशी तो जेवला नाही.

मादाम शोफांना मात्र अतोनात आनंद झाला. "मस्यू जिगाँदे, अभिनंदन! सातव्या रकान्यात आता 'होय' लिहिता येईल. तुमचं शिल्प मंजूर!"

मंजूर शिल्प गावाचं भूषण असतं. पालिकेनं ठराव करून जोसेफीनला गावचा ठेवा म्हणून जाहीर केलं, चौकात आणलं आणि काचेच्या पेटीत बसवलं. अनावरणाला शहरातून कलातज्ज्ञ आले. पेटीभोवती तीन चकरा मारून ते म्हणाले, "या स्तब्धतेत केवढी गती आहे!" लोकांनी माना डोलावल्या. नियम असा, की ठेवा जाहीर झाला की त्याची संपूर्ण फाईल कलाकाराला समारंभपूर्वक द्यायची. मादाम शोफांनी नियम पाळला. लाल फीत बांधून फाईल दिली आणि म्हणाल्या, "आता आभाराचे दोन शब्द."

एलुआला भाषण येत नव्हतं. त्यानं फाईल उघडली आणि समोर आलं ते वाचायला लागला.

"जोसेफीन आम्हाला फार आवडते. फक्त तो बूट जरा भीतिदायक वाटतो." सही बेकरीवाल्याची. लोक हसले. सर्वांत मोठ्यानं बेकरीवाला हसला.

"जोसेफीन म्हणजे गावाचा आनंद आहे. फक्त तिची घंटा प्रार्थनेच्या घंटेशी जुळत नाही." पाद्रीबाबांनी टाळ्या वाजवल्या.

"मुलांना ती फार आवडते. फक्त छत्री अचानक उघडते." शाळेच्या बाईंनी रुमालानं डोळे टिपले. किती विनोदी बोलतो हा माणूस!

एकूण एकेचाळीस पत्रं होती. शेवटच्या पत्रातलं अक्षर बघून एलुआ थांबला. पहिल्या रांगेत बसलेली लेओनी पर्समध्ये काहीतरी फार खोलवर शोधत होती.

"भावाचं यंत्र मला फार आवडतं," एलुआनं वाचलं. "फक्त दुपारी एक ते तीन माझी झोप होत नाही. कृपया नाव कळू देऊ नये."

त्यानं नाव कळू दिलं नाही. फाईल मिटली. टाळ्या बराच वेळ चालल्या.

घरी सूप वाढताना लेओनी म्हणाली, "एलुआ, मी फक्त दोन तास म्हटलं होतं रे."

"हो ना. सगळ्यांनी फक्तच म्हटलं होतं."

"रागावलास?"

"नाही. पाव दे."

महिन्याभरानं तो दरीपलीकडच्या बंद पडलेल्या लाकूडगिरणीत राहायला गेला. आसपास दोन किलोमीटरपर्यंत माणूस नाही. तिथं तो काहीतरी उभं करतोय म्हणतात, जोसेफीनच्या दुप्पट. लेओनी दर गुरुवारी डबा घेऊन जाते आणि तिथं काय बघितलं ते कुणाला सांगत नाही. ते चालतं का, फिरतं का, हे गावात कुणालाच ठाऊक नाही, कारण एलुआनं कुणाला बोलावलेलं नाही.

आम्हाला त्याची फार आठवण येते. जोसेफीन चौकात आहे, काच रोज पुसतात. तुम्ही कधी इकडे आलात तर अवश्य बघा, गावाला बरं वाटेल. फक्त गाडी आमच्या फाटकासमोर लावू नका.