टाकी भरल्यावर पिन किती वेळात बोलते

प्रश्नाला उत्तर किती लवकर मिळतं, यावरून समाज किती पुढे गेला ते कळतं. या कसोटीवर दारव्हा तालुक्यातलं एक गाव (नाव सांगितलं तर तिथल्या पाणी समितीला उगाच विनय दाखवावा लागेल) फारच पुढे निघून गेलं होतं.

समितीनं टाकीसाठी तळहाताएवढा संगणक आणला. टाकी भरली की त्याच्या एका पिनेवर तशी खूण यायची आणि दुसऱ्या पिनेतून 'मोटर बंद' असा हुकूम निघायचा. मधे किती वेळ जातो, ते मोजायला दीपाला नेमलं. पॉलिटेक्निक नुकतंच संपलेलं, पहिलीच नोकरी, तीही अजून कच्ची.

तिनं मोजलं. पिन डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी उत्तर द्यायची. कधी मात्र दुप्पट वेळ घ्यायची.

"दुप्पट?" अध्यक्ष विठ्ठलराव गंभीर झाले. "हे गावाले परवडणार नाही. आधी वेग पक्का कर पोरी, मंग मोटरची वायर जोडू."

बरोबरच होतं. ज्या यंत्राची तत्परता सिद्ध नाही, त्याच्या हाती मोटर कशी द्यायची? तोवर मोटर बंद करायचं स्टार्टरचं लाल बटण फक्त पंप सांभाळणाऱ्या डोमाजीनं दाबायचं, असा ठराव होता. (डोमाजी नेर गावी, सोयऱ्याकडे गेलेला.) वेगावर बैठका झाल्या, सगळ्या उशिरा सुरू झाल्या. दीपानं प्रोग्राम नव्यानं लिहिला. पिन आणखी चपळ झाली. समितीनं टाळ्या वाजवल्या.

एका दुपारी टाकी भरून वाहू लागली. मोजणीच्या पडद्यावर हुकुमाची रेघ झरकन उभी राहिली. इतकी सुरेख रेघ दीपानं पाहिली नव्हती. तेवढ्यात टाकीखाली राहणारी बिजलीबाई ओल्या पायांनी दारात आली.

"बाई, अंगणातली तूर भिजून राह्यली माही. मोटर बंद कर ना."

"मावशी, मशीननं कवाच सांगतलं बंद कर म्हणून."

"कोणाले सांगतलं?"

दीपानं पडद्याकडे पाहिलं. त्यालाच सांगितलं होतं. तिनं विठ्ठलरावांना फोन लावला. ते म्हणाले, "बैठकीत घेऊ."

दीपाला नोकरी आठवली, बिजलीबाईचे पायही दिसले. ती उठली आणि भिंतीवरचं लाल बटण बोटानं दाबलं. मोटर गप्प झाली. दोघींनी मिळून तूर चादरीत भरली. अर्धीअधिक वाचली.

मानवी बोट हे मंजूर साधन नसल्यानं समितीनं दीपाला कामावरून काढलं. हा निर्णय तडकाफडकी झाला. समितीला तसं जमतं, हे गावाला पहिल्यांदाच कळलं.

त्या दुपारी टाकी वाहताना बहुतेक खिडक्यांतून दिसत होती. कुणीतरी मोटर बंद करायला हवी, हे प्रत्येकाला तत्काळ सुचलं होतं. तुम्हालाही सुचलंच असतं. आत्ता तुमच्या गल्लीतला नळ वाहतोय, तेव्हाही सुचलंच आहे.