स्वप्नालीची गावी राहिलेली नाडी

दिवाळीची सुट्टी संपवून स्वप्नाली विरकर विद्यापीठात परतली, पण तिची विश्रांतीची नाडी गावीच राहिली.

व्यायाम आणि क्रीडाशास्त्र विभागात ही गोष्ट पहिल्याच सोमवारी ध्यानात आली. शेजारच्या मुलीनं तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, मिनिटभर वाट पाहिली आणि हात वर केला. विभागप्रमुख डॉ. भालेकर आले. त्यांनी स्वप्नालीला दहा मिनिटं ट्रेडमिलवर पळवलं. नाडी एकशे साठ, अगदी ठणठणीत. मग खुर्चीत बसवलं. एकशे वीस, शंभर, अठ्ठ्याऐंशी, आणि पुढं काहीच नाही.

"सर, शून्य लिहू?" शेजारच्या मुलीनं विचारलं.

"शून्य मेलेल्या माणसाचं लिहितात," भालेकर म्हणाले. "गैरहजर लिहा."

चूक स्वप्नालीचीच होती. सुट्टीत सगळ्यांना एकच काम दिलं होतं: सलग सात दिवस, सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून न उठता आपली नाडी मोजायची. हे काम वसतिगृहाच्या खोलीतच करा, असं वहीच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं. नाडी जिथं सात सकाळी नीट मोजली जाते तिथलीच होऊन बसते, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पण दिवाळीला घरी जायचं सोडून वसतिगृहाच्या पत्र्याच्या पलंगावर कोण पडून राहील? स्वप्नालीनं माण तालुक्यातल्या आपल्या घरी, आईच्या खाटेवर मोजली. रोज चोपन्न भरली. एवढी कमी तिची कधीच भरली नव्हती.

तिनं आईला फोन लावला.

"हाय की हितं," आई म्हणाली. "खाटंवरच हाय. हात ठिवला की लागतीया."

"त्रास नाही ना देत?"

"तिचा कसला तरास? मुकी बिचारी."

रीत सोपी होती. नाडी ज्या घरात राहिली त्या घरच्यांनी 'हरकत नाही' असं लिहून द्यायचं, विद्यार्थिनीनं तो कागद विभागात जमा करायचा, की आठवडाभरात नाडी परत. आईनं शेजाऱ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या, खाली अंगठा न देता मोठ्या कष्टानं सही केली आणि कागद टपालानं धाडला. फोनवर मात्र ती म्हणाली, "तुजं नुकसान हुतंय, तवा नी बाई. मी आपली सांगती. तुजा बा आन् दादा मेंढरं घिऊन कोकणात उतरलं की घर खायला उठतं. औंदा तसं न्हाय झालं. कोण तरी हाय असं वाटतंया."

स्वप्नालीनं कागद दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

तिला काही दुखत नव्हतं. ती पळायची, जेवायची, तासांना बसायची. फक्त रात्री पाठ टेकली की पडल्यासारखं वाटायचं नाही. खाटेची सुतळी, आईचं घोंगडं, दाराशी बांधलेल्या शेळीचा वास, सगळं आठवायचं. त्या सगळ्यात आपली नाडी खुशाल लोळत पडली असेल, या विचारानं तिला स्वतःच्याच नाडीचा हेवा वाटायचा. फार आठवण आली की ती मैदानाला चार फेऱ्या मारून यायची. तेवढा वेळ तरी छातीत काहीतरी असायचं.

"कागद आला का?" भालेकर दर महिन्याला विचारायचे.

"वाट बघतेय सर," ती सांगायची. ते खरंच होतं; वाट मात्र कागदाची नव्हती.

एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा लागली. बाकावर पाच मिनिटं चढउतार करायची, मग बसून नाडी मूळ ठिकाणावर येईपर्यंत नोंदवायची. शेवटचा आकडा नसेल तर नापास, म्हणजे वर्ष गेलं. बाहेरून परीक्षक म्हणून डॉ. तांबोळी मॅडम आल्या होत्या. त्या कुणाला अर्धा गुणही वाढवून देत नाहीत, असं सगळे म्हणत.

स्वप्नाली चढली, उतरली, बसली. एकशे अडुसष्ट. एकशे एकतीस. एकशे चार. अठ्ठ्याऐंशी. मग बंद.

"पुढची कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"गावी आहे. आईकडं."

"ना-हरकत मिळाली नाही?"

"मिळालीय मॅडम. मी दिली नाही. मेंढरं मिरगाला परततात. तोवर आई एकटी असते."

भालेकरांनी चष्मा काढून पुसला. तांबोळी मॅडमनी नियमांचं पुस्तक चाळलं, मिटलं आणि म्हणाल्या, "नाडी विद्यार्थिनीचीच पाहिजे असं लिहिलंय. मोजणारा कोण असावा, ते लिहिलेलं नाही. फोन लावा."

फोन टेबलावर ठेवला. आईला सगळं समजावून सांगितलं. खाट करकरली.

"मोठ्यानं मोजा, मावशी," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं.

"येक," आई म्हणाली. "दोन. तीन."

मिनिट भरलं तेव्हा आई बावन्नवर होती. मॅडमनी बावन्न लिहिलं, शेजारी 'मुक्काम गावी' असं लिहून सही केली आणि पुढच्या मुलाला बाकावर चढायची खूण केली.

थांबायचं कधी, हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं. स्वप्नालीनं फोन उचलला, आवाज कमी करून कानाशी धरला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर, भिंतीला टेकून बसली. आई शंभरावर पोचली, जराशी दम खायला थांबली आणि पुन्हा एकपासून मोजू लागली.