विषम तारखांचा पुरुष

पुरुष जन्मतः पुरुष असला, तरी कागदोपत्री त्याला ते दर पाच वर्षांनी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर पौरुष नूतनीकरण कक्ष आहे. आवाज, मिशी, आवड, न रडल्याची वर्षं आणि कोणालाही न विचारता रस्ता चुकल्याचे प्रसंग, असे मिळून शंभर गुण असतात. (शेवटच्या बाबीत आजवर कोणी नापास झालेला नाही.)

याच इमारतीचा लिफ्ट मिस्त्री दर खेपेला अव्वल येई. त्याला बायका आवडत आणि पुरुषही आवडत. दुसऱ्या आवडीची भरपाई म्हणून तो अकरा वर्षं लिफ्टची मोटर एकटाच उचलत आला होता. कंबर कामातून गेली होती. गुण शाबूत होते. यंदा हेडमिस्त्रीच्या जागेसाठी दाखला हवा होता. ती जागा त्याला जिवापाड हवी होती, पण लपवाछपवीचा आता मनापासून वीट आला होता. ‘आवड’ या रकान्यात त्याने ‘दोन्ही’ लिहिलं. बायकोने अर्ज वाचला आणि ती म्हणाली, “मला लग्नाआधी सांगितलंस. आता त्यांनाही कळू दे.”

कक्षाची समिती चक्रावली. नियमाप्रमाणे पहिल्या आवडीचे वीस गुण मिळत होते आणि दुसरीचे वीस कापले जात होते. म्हणजे माणूस जागच्या जागी राहत होता, आणि ही सरळसरळ फसवणूक होती. अध्यक्षांनी मायेने विचारलं, “सध्या नक्की कोणते आहात?”

“साहेब, मी एकच आहे. सकाळी तुमची लिफ्ट दुरुस्त केली, तोच.”

उत्तर असंबद्ध ठरवून समितीने सुवर्णमध्य काढला: विषम तारखांना मिस्त्री पुरुष, सम तारखांना विचाराधीन, विचाराधीन असताना त्याने यंत्राला हात लावू नये.

बावीस तारखेला अख्खी समिती लिफ्टमध्ये अडकली. मिस्त्री बाहेर हजर होता. आतून हुकूम आला, तेव्हा त्याने अदबीने तारीख सांगितली. आत तातडीची सभा भरली. दोन सदस्य रडले (गुण कापण्यात आले). मग ठराव झाला की बाहेरचा इसम पूर्ण पुरुष असून त्याच्या आवडीशी समितीला काही देणंघेणं नाही. दाराच्या फटीतून कागद आला, त्यावर सातही जणांच्या सह्या होत्या. मिस्त्रीला भरून आलं, आणि त्याने डोळे सर्वांदेखत पुसले. मोटर उचलायला त्याने अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघांना हाक मारली.

तो आता हेडमिस्त्री आहे. तरी काही वाचकांच्या मनात राहिलंच असेल, की ते सगळं ठीक, पण खरं सांगायचं तर त्याला जास्त काय आवडतं? त्यांच्यासाठी समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज नको, हा प्रश्न पडणं हीच पात्रता धरली जाते.