तिसऱ्या नासपतीचा अर्थ

चित्रकला आपल्याला कळते, हे त्याला रसग्रहणाच्या दोन रविवारच्या वर्गात कळलं होतं! जगाला ते कळायचं राहिलं होतं, एवढंच. म्हणून लग्नाची बोलणी करायला त्याला आपल्या घरी नेताना त्याची प्रेयसी कळवळून म्हणाली, "बाबांनी काढलेलं चित्र दिसलं तर नुसतं 'छान' म्हण. ते एकदा हो म्हणाले की सुटलो आपण!"

"नुसतं छान? अगं, कलाकाराचा अपमान होतो अशानं!"

चित्र सोफ्याच्या बरोबर वर होतं. फुलदाणीत गुलाब, ताटलीत द्राक्षं आणि तीन नासपती. तिसरीची नुसती बाह्यरेषा, रंगाचा पत्ता नाही. पठ्ठ्या सोफ्यावर चढायचाच काय तो बाकी होता.

"काका, केवढं दुःख आहे या चित्रात!"

तिच्या वडिलांनी चष्मा पुसला. "दुःख? फळं आहेत ती."

"वरवर! हे मान टाकलेले गुलाब म्हणजे कोमेजलेला संसार."

"अगदी बरोबर!" चहाचा ट्रे घेऊन आलेली आई दारातूनच म्हणाली.

झालं, त्याला चेव आला! मुलीनं दोनदा त्याचा पाय दाबला. त्याला वाटलं, दाद देतेय.

"आणि ही बिनरंगाची नासपती! इथं प्रेमाची जागा रिकामी आहे!"

"कसलं प्रेम?" वडील उसळले. "चित्र अर्धं झालं आणि हिच्या भावानं ती खाल्ली! तेव्हापासून त्याला या घराची पायरी चढू दिलेली नाही मी."

आईनं ट्रे आदळला. "माझ्या भावाला नावं ठेवू नका! मी खाल्ली ती!"

"तू?"

"मग काय करणार? महिनाभर ताटलीला हात लावू देत नव्हतात! गुलाब सुकले, द्राक्षांवर चिलटं घोंगावायला लागली, तरी तुमचा आपला ब्रश चालूच. बायकोकडे कधी इतकं निरखून पाहिलंत?"

"आणि इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"विचारलंत कधी? थेट त्यालाच चोर ठरवून मोकळे!"

शहाण्या माणसानं इथं चहा प्यायला असता. हा आनंदानं टाळी वाजवून म्हणाला, "पाहिलंत! ताटलीखालची ती काळी सावली म्हणजे काकूंचा अपराधभाव!"

दोघंही एकदम त्याच्याकडे वळले.

"अहो," आई म्हणाली, "भिंतीवरच्या फळांतून जो एवढं उकरून काढतो, तो रोजच्या ताटातून काय काय काढेल?"

"माझ्या मनातलं बोललीस! हे लग्न होणार नाही."

"मुळीच नाही!"

मुलगी रडत आत निघून गेली. कित्येक वर्षांनी त्या नवराबायकोचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते घडवून आणणारा रसिक जिन्यात उभा राहून चपला शोधत होता!